धाराशिवहून समुद्राकडे : उन्हाळी प्रवासातील यत्नाचार

वैशाख लागला आणि शाळांना सुट्या पडल्या की धाराशिव, तुळजापूर, कळंब, भूम, परंडा या गावांतून मुलांचा एकच हट्ट सुरू होतो : आम्हांला समुद्र दाखवा. बालाघाटाच्या डोंगररांगांत वसलेला आपला जिल्हा समुद्रापासून फार दूर. पाऊस बेताचा, नद्या उन्हाळ्यात आटणाऱ्या आणि पारा चाळिशीच्या पुढे गेलेला. अशा मुलखातील मुलाला डोळ्यांत न मावणारे पाणी पाहावेसे वाटले तर त्यात नवल नाही. पूर्वी असा प्रवास एसटीने किंवा आगगाडीने होत असे. आता अनेक घरांसमोर मोटार उभी असते आणि आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे कुटुंब एकाच गाडीतून कोकणात उतरते. सोय वाढली, तशी घरातील गाडी चालविणाऱ्यावरची जबाबदारीही वाढली.

या भूमीचे समुद्राशी नाते तसे फार जुने आहे. तेरणेच्या काठचे आपले तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतील प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील एक मोठे नगर म्हणून तगरचा उल्लेख येतो. येथील कापड, मलमल आणि इतर माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून भडोचच्या बंदरापर्यंत जात असे, असे तो ग्रंथ सांगतो. पुढे तो माल जहाजांनी पश्चिमेकडे रवाना होई. त्या काळच्या अवशेषांपैकी कितीतरी वस्तू तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात आजही पाहावयास मिळतात. सुटीतील प्रवासाची सुरुवात मुलांना हे संग्रहालय दाखवून करावी. आपल्या गावचा माल दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापार जात होता हे कळल्यावर समुद्राकडे पाहण्याची त्यांची दृष्टी निराळी होईल.

बैलगाडीचा काळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना आणखी एक गोष्ट आठवेल. लांबच्या वाटेला निघण्यापूर्वी गाडीवान आसाला वंगण घालीत असे, चाकाची धाव सैल झाली आहे का ते पाही आणि बैलांच्या खुरांवरून हात फिरवी. कोरडा आस चाक खातो आणि ओढणाऱ्या मुक्या जिवाचा छळ करतो, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकविलेले नव्हते. आजच्या मोटारीला बैल नाहीत. तिच्या निष्काळजीपणाचा भार आता आत बसलेल्यांवर, रस्त्यावरून चालणाऱ्यांवर आणि वाटेत येणाऱ्या लहानमोठ्या जिवांवर पडतो.

प्रमाद आणि प्रवास

उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला आरंभीच स्थान दिले आहे. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे पाच प्रकार सांगितले, त्यांत प्रमादचर्या हा एक आहे. आणि निष्फळ हिंडणे व इतरांना हिंडविणे यांचीही गणना त्यांनी तीतच केली आहे. सहलीला निघणाऱ्या श्रावकाला हे वाचून क्षणभर थबकावेसे वाटेल. पण गृहस्थाने घराबाहेर पडूच नये, असा त्याचा अर्थ नाही. दिग्व्रत प्रवासाला मर्यादा घालते, प्रवासच बंद करीत नाही. हेतू स्पष्ट असावा, मर्यादा आधी ठरविलेली असावी आणि आपल्या हातून टाळता येणारी हिंसा खरोखर टाळलेली असावी, एवढी या शिकवणीची अपेक्षा आहे. वाटेत तीर्थवंदना व्हावी, मुलांना निसर्ग व इतिहास दिसावा, घरातील वृद्धांना मोकळी हवा मिळावी, हा हेतू सार्थच आहे. उरतो तो प्रश्न यत्नाचाराचा, आणि त्याचा आरंभ घरासमोर उभ्या असलेल्या गाडीपासून होतो.

निघण्यापूर्वी आठवडाभर

गाडीची तपासणी निघण्याच्या आदल्या रात्री करू नये. काही दोष निघालाच तर तो दुरुस्त करण्यास मिस्त्रीला अवधी हवा. आठवडाभर आधी गाडी गॅरेजमध्ये दाखवावी. मात्र पुढील गोष्टी स्वतःलाही पाहता आल्या पाहिजेत.

सर्वांत प्रथम टायर. उन्हाळ्यात हवा फुगते म्हणून मुद्दाम कमी हवा भरण्याची पद्धत आपल्याकडे आढळते. ती घातक आहे. कमी हवेच्या टायरच्या भिंती सतत दबतात आणि उलगडतात, त्यामुळे तो अधिक तापतो व भर वेगात फुटण्याचा धोका वाढतो. हवेचे योग्य प्रमाण चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेले असते. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी तेथे वेगळा आकडा असेल तर तो पाहावा आणि टायर थंड असताना सकाळीच हवा भरून घ्यावी. वाटेत तापलेल्या टायरमधील हवा वाढलेली दिसली म्हणून ती सोडून देऊ नये. टायरच्या खाचांत मधूनमधून रबराचे लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे खाच 1.6 मिलिमीटर उरली, की टायर बदललाच पाहिजे. टायरच्या कडेवर चार अंकी आकडा असतो. पहिले दोन अंक आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवितात. नक्षी शाबूत पण रबर जुने होऊन तडकलेले, अशी स्थिती कमी वापराच्या गाड्यांत पुष्कळदा असते. स्टेपनीतही हवा भरलेली असावी. जॅक आणि पान्ना गाडीत आहेत की नाहीत हे पाहून एकदा घरीच चाक काढून बसवून पाहावे. ही गोष्ट घरातील तरुण मुलामुलींनाही शिकवावी.

दुसरी गोष्ट इंजिन थंड ठेवणारे पाणी. आपल्या भागातील बोअरचे पाणी क्षारयुक्त असते. ते रेडिएटरमध्ये वारंवार ओतले तर आतील नळ्यांत थर बसतो आणि नेमके घाटात इंजिन तापते. कंपनीने सांगितलेले कूलंटच वापरावे. ते पातळ करावयाचे असेल तर डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. रबरी नळ्या व पट्टे यांना भेगा पडल्या आहेत का ते पाहून घ्यावे. वाटेत तापमानाचा काटा वर गेल्यास गाडी बाजूला सुरक्षित जागी उभी करावी. इंजिन पूर्ण निवेपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये, कारण दाबाखालचे उकळते पाणी उसळून हात व चेहरा भाजतो.

इंजिन ऑइल सपाट जागी, गाडी बंद करून काही मिनिटांनी पट्टीवर पाहावे; ते दोन खुणांच्या मध्ये असले पाहिजे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. साधारण दोन वर्षांनी ते बदलले नाही, तर उतारावर ब्रेक तापल्यावर त्यात बुडबुडे होऊन पायाखालचे पेडल खोल जाऊ शकते. उन्हाने बॅटरी लवकर थकते. तिच्या टोकांवर पांढरी भुकटी साचली असेल तर ती साफ करून घ्यावी. वायपरचे रबर वर्षभराच्या उन्हात कडक होते आणि पहिल्याच वळवाच्या सरीत काच धूसर होते. दिवे, सिग्नल, हॉर्न आणि सर्व आसनांचे पट्टे तपासावेत. मागे बसणाऱ्यांनाही पट्टा बंधनकारक आहे आणि लहान मुलांना मांडीवर घेऊन पुढे बसणे हे माया नसून संकटच होय. गाडी सीएनजीवर चालणारी असल्यास टाकीची तीन वर्षांनी करावयाची चाचणी झाली आहे का, हेही पाहावे. परवाना, विमा आणि पीयूसी यांची मुदत तपासावी.

गॅरेजमधून निघालेले जुने ऑइल नाल्यात किंवा मातीत ओतले जाऊ नये, एवढे आवर्जून सांगावे. ते पाण्यात मिसळले तर असंख्य जलचरांचा नाश करते. गाडीखाली पडणारा ऑइलचा थेंबही वेळीच थांबवावा. आणखी एक सवय मुलांकडून करवून घ्यावी. रोज सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी खाली वाकून पाहावे आणि बॉनेटवर दोनदा हात आपटावा. ऊन आणि वारा टाळण्यासाठी मांजरीची पिले व कुत्री तेथे आसरा घेतात.

पहिला दिवस : धाराशिव ते बाहुबली

धाराशिवहून रत्नागिरीचा किनारा चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. एका दिवसात तेथे पोहोचता येते, परंतु वृद्ध व मुले बरोबर असताना तसे करू नये. दोन दिवसांची वाटणी अधिक हिताची.

वाट सरळ आहे. तुळजापूरवरून सोलापूर, तेथून मंगळवेढा, सांगोला मार्गे मिरज. दुपारचे ऊन चढण्यापूर्वी बहुतेक अंतर कापून व्हावे म्हणून सूर्योदयाच्या सुमारास निघणे चांगले. मात्र याच वेळेविषयी एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. चातुर्मासापूर्वीच्या या महिन्यांत आपले साधू-साध्वी विहारात असतात आणि उन्हाच्या आधी, सकाळच्याच प्रहरी, महामार्गाच्या कडेने चालत असतात. वाहनाची धडक बसून त्यांचे प्राण गेल्याच्या वार्ता आपल्या समाजाने वारंवार ऐकल्या आहेत. डुलकी लागलेला चालक, धुरकट काच, झिजलेले ब्रेक, अतिवेग ही अशा अपघातांमागची सर्वसाधारण कारणे असतात. ते वाहन कोणा परक्याचेच असेल असे आपण गृहीत धरतो. आपली गाडीही त्याच रस्त्यावर, त्याच वेळी असते.

ईर्या समितीचे पालन करणारे मुनी दिवसा, रुळलेल्या वाटेने, पुढची चार हात भूमी पाहत चालतात. कुंथलगिरीवर 1955 साली सल्लेखना धारण केलेले आचार्य शांतिसागर महाराज दक्षिणेतून सम्मेदशिखरजीपर्यंत याच रीतीने पायी गेले. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे 22 मीटर पुढे सरकते. म्हणून चालकाची चार हात भूमी पुष्कळ लांब असली पाहिजे. पुढच्या वाहनापासून निदान तीन सेकंदांचे, म्हणजे त्या वेगाला पासष्ट मीटरहून अधिक अंतर ठेवावे. रात्री खाली झुकविलेल्या दिव्यांचा प्रकाश बहुधा एवढ्या दूर पोहोचतही नाही. शिवाय त्या प्रकाशावर झेपावणारे किडे काचेवर किती चिरडले जातात, ते सकाळी काच पुसताना दिसतेच. रात्रिभोजनाचा त्याग करणाऱ्या कुटुंबाने रात्रीच्या वाहनप्रवासाचाही त्याग केला तर दोन्ही नियम एकमेकांना बळ देतात. सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचून जेवण व्हावयाचे असेल, तर गाडी आपोआपच दिवसाउजेडी थांबते.

दर दोन तासांनी गाडी थांबवून पाय मोकळे करावेत. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि गाळून भरलेले पाणी बरोबर असेल तर वाटेतल्या खाण्यावर विसंबावे लागत नाही. थांबलेल्या गाडीत मुलाला काचा लावून क्षणभरही एकटे ठेवू नये. उन्हात उभ्या गाडीतील हवा काही मिनिटांतच असह्य तापते. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आल्यास 1033 आणि कोणत्याही आपत्तीत 112 हे क्रमांक सर्वांना पाठ असावेत. गाडी बंद पडली तर ती कडेला घेऊन, मागे लाल त्रिकोण ठेवून, सर्वांनी उतरून रस्त्यापासून दूर उभे राहावे.

मिरजेहून जयसिंगपूर, हातकणंगले या बाजूस वळले की आपण दक्षिण महाराष्ट्रातील जैन शेतकऱ्यांच्या मुलखात येतो. 1899 साली स्थापन झालेली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा याच भागातील समाजाच्या शिक्षणप्रेमातून वाढली. हातकणंगल्याजवळ कुंभोजचे बाहुबली क्षेत्र आहे. 28 फूट उंचीची भगवान बाहुबलींची संगमरवरी मूर्ती, डोंगरावरील मंदिरे आणि समंतभद्र महाराजांच्या प्रेरणेने उभे राहिलेले गुरुकुल येथे आहे. निवास व शुद्ध भोजनाची सोय असली तरी सुटीच्या दिवसांत आधी विचारून जावे. तीनशेच्या आसपास किलोमीटर प्रवास करून आलेल्या कुटुंबाला सायंकाळी त्या निश्चल मूर्तीसमोर बसल्यावर जी शांती लाभते, तिच्यासाठी पुढील घाईचे दोन-तीन तास सोडून द्यावेत.

दुसरा दिवस : घाट आणि किनारा

कोल्हापूर, मलकापूर ओलांडले की आंबा घाट लागतो. करवंदी आणि जांभळाची झाडे, मग एकाएकी खाली उलगडणारे कोकण. दख्खनच्या कोरड्या पठारावरून येणाऱ्याला ही हिरवाई डोळे भरून पाहावीशी वाटते. ज्याच्या हाती चाक आहे त्याने मात्र ती गाडी थांबवूनच पाहावी. घाट उतरताना इंधन वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे अत्यंत धोक्याचे आहे. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, साधारण त्याच खालच्या गिअरमध्ये उतरावे. इंजिनच गाडीला आवरते आणि ब्रेक तापत नाहीत. अरुंद वळणावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी. साखरपा, पाली आणि हातखंबा मागे टाकून दुपारपूर्वी रत्नागिरी गाठता येते.

रत्नागिरीला मांडवीची वाळू काळसर, तर रत्नदुर्गाच्या पलीकडचा किनारा पांढरा समुद्र म्हणून ओळखला जातो. भाट्ये येथे सुरूच्या बनाची सावली आहे; वृद्धांना बसण्यास ती जागा उत्तम. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 साली राज्य घेऊन या गावी आणून ठेवले. त्याचा राजवाडा पाहताना वैभवाच्या अनित्यतेचा वेगळा पाठ मुलांना द्यावा लागत नाही. रत्नागिरीहून किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळ्याकडे जाताना आरे-वारे येथे रस्ता टेकडीवर चढतो आणि दोन्ही बाजूंचे किनारे एका दृष्टीत दिसतात.

समुद्राचे सौंदर्य जितके खरे तितकीच त्याची ओढही खरी आहे. आपण विहिरीत वा तलावात पोहण्यास शिकलेली माणसे. भरती-ओहोटीचा अनुभव आपल्याला नसतो. दिवसातून दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास तिचा जोर अधिक असतो. ओहोटीच्या वेळी पाण्यात उतरू नये, स्थानिकांनी धोक्याची म्हणून सांगितलेली जागा निमूट टाळावी आणि गुडघाभर पाण्यापलीकडे मुलांना जाऊ देऊ नये. गणपतीपुळ्याचा किनारा तर बुडण्याच्या दुर्घटनांमुळे ओळखला जातो. मेअखेरीस समुद्र खवळू लागतो. तेव्हा काठावरून पाहणेच योग्य.

गाडी वाळूत उतरविण्याचा मोह कोणी धरू नये. भरतीच्या पाण्यात अडकलेल्या मोटारींची दृश्ये दर उन्हाळ्यात पाहावयास मिळतात, आणि खारे पाणी गाडीच्या तळाला कायमचा गंज लावते. याहून मोठे कारण दुसरे आहे. कोकणच्या अनेक किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या हिवाळ्यात वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी पुरून जातात. पिले बाहेर येण्याचा हंगाम उन्हाळ्यापर्यंत चालतो. मंडणगड तालुक्यातील वेळास गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांच्या सहभागाने या अंड्यांचे रक्षण सुरू केले. पूर्वी जेथे अंडी खाल्ली वा विकली जात, तेथे आज लोक कुंपण घालून घरटी राखतात आणि पिलांना समुद्राकडे जाताना पाहण्यासाठी दुरून माणसे येतात. जीवदयेचा असा प्रयोग आपल्या मुलांना दाखविण्यासारखा आहे. मार्च-एप्रिलमध्ये सवड असेल तर सहलीची दिशा वेळासकडे ठेवावी. चाकाखाली काय पुरलेले आहे हे वाळू सांगत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी गाडी रस्त्यावरच थांबेल.

भोजनाविषयी आधी बोलून ठेवणे श्रेयस्कर. कोकणातील घरगुती खाणावळीत आंबोळी, घावन, उकडीचे मोदक, कोकम सरबत असे साधे, रुचकर पदार्थ मिळतात. पण सोलकढीत आणि उसळीत लसूण असू शकते, हे माहीत असावे. कांदा, लसूण, बटाटा व कंदमुळे वर्ज्य असल्याचे आदल्या दिवशी सांगितले तर यजमान आनंदाने तसा स्वयंपाक करून देतात. मे महिन्यात रत्नागिरीला सूर्य सातच्या सुमारास मावळतो. सहाच्या आत जेवण आटोपून किनाऱ्यावर जावे. ज्या सूर्यास्तासाठी एवढे अंतर कापले, तो भरल्या पोटी, निवांत आणि नियम न मोडता पाहता येतो.

परतल्यावर

घरी आल्यावर गाडी, विशेषतः तिचा खालचा भाग आणि चाकांच्या आतील बाजू, गोड्या पाण्याने एकदा नीट धुवून घ्यावी, म्हणजे खाऱ्या हवेचा अंश राहत नाही. आपल्याकडे पाणी मोलाचे आहे; बादली आणि फडक्याने हे काम होते. आत सांडलेले खाद्यकण झाडून काढावेत, नाहीतर मुंग्या होतात आणि त्यांना मारण्याचा प्रसंग येतो. ब्रेक, टायर आणि ऑइल पुन्हा एकदा पाहून ठेवावे. मग धाराशिवजवळच्या लेण्यांत, जेथे पार्श्वनाथांची प्राचीन मूर्ती करकंडू राजाच्या कथेची आठवण देते, तेथे कुटुंबासह दर्शनास जावे. पुढच्या प्रवासाचा विचार सुरू होईल तेव्हा घरातील मुलगा किंवा मुलगी आपण होऊन टायरमधील हवा पाहू लागली, गाडीखाली वाकून पाहू लागली, तर तीर्थ आणि समुद्र दोन्ही पावले असे समजावे.